बेसॉल्टचा आरक्यूडी कमी आला म्हणजे खडक वेदर्ड समजावा का?

नवशिका_साइटवाला :
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका लहान पुलाच्या पाया तपासणीचे बोअर लॉग (भोकातून निघालेल्या खडकाची खोलीनिहाय नोंद) लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाच्या आधाराच्या) बोअरमध्ये काळा कॉम्पॅक्ट बेसॉल्ट लागला आहे. १.५ मीटरच्या एका रनमध्ये (एका दमात केलेल्या ड्रिलिंगमध्ये) १.३८ मीटर कोअर (खडकाचा दंडगोल) हाती आला, म्हणजे रिकव्हरी ९२ टक्के. परंतु १० सेंमी व त्याहून लांब तुकडे चारच (२४, १८, १३ आणि ११ सेंमी) असल्याने आरक्यूडी (रनच्या लांबीत अशा तुकड्यांचा वाटा) ४४ टक्के निघतो. पियरच्या (मधल्या खांबाच्या) बोअरमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा, जांभळट रंगाचा अमिग्डलॉइडल (खनिजांनी भरलेल्या वायुपोकळ्यांचा) बेसॉल्ट असून तिथे आरक्यूडी ९० च्या वर आहे. पहिल्याला ‘जास्त वेदर्ड (हवा-पाण्याने कुजलेला), डब्ल्यू-४’ आणि दुसऱ्याला ‘ताजा, डब्ल्यू-१’ लिहावे, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. मात्र पहिल्यावर हातोडा मारला की तो खणखणतो आणि दुसरा एका ठोक्यात फुटतो, त्यामुळे मला हे पटत नाही. लॉगमध्ये काय लिहावे?

कातळकोरी :
आपली शंका रास्त आहे. डब्ल्यू-४ याचा अर्थ निम्म्याहून अधिक खडक कुजून माती झालेला आहे, असा होतो. खणखणणाऱ्या कोअरला ती श्रेणी कोणत्याही हिशेबात लागू होत नाही. वेदरिंग ठरवताना तुकडा फोडून आतला ताजा पृष्ठभाग पाहावा, तेथील रंग सांध्यालगतच्या (खडकातील नैसर्गिक भेगेलगतच्या) रंगाशी ताडून पाहावा आणि तपकिरी डाग सांध्यापुरताच आहे की आतवर मुरला आहे, हे नोंदवावे. आरक्यूडी यापैकी काहीच सांगत नाही. तो फक्त तुकड्यांची लांबी मोजतो.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तर ही गल्लत हमखास होते. कॉम्पॅक्ट बेसॉल्ट थंड होताना आकसतो व त्यात जवळजवळ सांधे पडतात, त्यामुळे लाव्हाच्या अगदी ताज्या, टणक प्रवाहातही आरक्यूडी खाली येतो. अमिग्डलॉइडल बेसॉल्टमध्ये सांधे विरळ असल्याने कोअर लांबच लांब निघतो, पण त्याची ताकद तुलनेने कमी असते. तेव्हा दगडाची ताकद, वेदरिंग आणि सांधे हे तीन रकाने वेगळे ठेवा. ताकदीच्या क्षेत्रीय श्रेणींत एका जोरदार ठोक्यात फुटणारा दगड आर-३, म्हणजे साधारण २५ ते ५० मेगापास्कल. अनेक ठोके मागणारा आर-५, म्हणजे १०० ते २५०. अर्थात हा अंदाज आहे, त्याला पॉइंट लोड चाचणीची (तुकडा दोन टोकांमध्ये दाबून फोडण्याच्या चाचणीची) जोड हवीच.

आणखी एक गोष्ट : त्या रनमधील छोट्या तुकड्यांची टोके जुळवून पाहिली आहेत का? बॅरलमधून कोअर काढताना किंवा पेटीत बसवताना पडलेले तुकडे आरक्यूडीसाठी अखंड धरायचे असतात.

नवशिका_साइटवाला :
आज पेटी पुन्हा उघडली. ९ आणि ८ सेंमीचे दोन तुकडे तंतोतंत जुळतात. तुटलेला पृष्ठभाग स्वच्छ, खडबडीत आहे, त्यावर डाग नाही. ते १७ सेंमीचा एक तुकडा धरले तर बेरीज ६६ ऐवजी ८३ सेंमी होते आणि आरक्यूडी ५५ टक्के, म्हणजे ‘निकृष्ट’ वर्गातून खडक ‘मध्यम’ वर्गात जातो!

जुना_कंत्राटी :
एका तुकड्याने वर्ग बदलतो, तर त्या आकड्यावर किती विसंबायचे हे आपणच ठरवा. आरएमआरच्या (खडकसमूहाच्या गुणांकन पद्धतीच्या) १०० गुणांत आरक्यूडीला २० आहेत, सांध्यांच्या स्थितीला ३०. सांधा घट्ट आहे की उघडा, खडबडीत की गुळगुळीत, आत चिकणमाती आहे का, हे लिहिल्याशिवाय लॉग अपुराच. सांध्यांच्या वर्णनासाठी आयएस ११३१५ या भारतीय मानकाचे भाग जवळ ठेवावेत. उभ्या बोअरला उभे सांधे क्वचितच सापडतात, म्हणून नदीकाठी कातळ उघडा असेल तर तिथे टेप लावून अंतरे मोजा.

वरिष्ठांच्या मनात कदाचित खोदाईचे दर असावेत. मुरूम, मऊ खडक, कठीण खडक ही विभागणी देयकासाठी असते. सांधे जवळ असलेला टणक खडक ब्रेकरने सहज निघतो म्हणून तो वेदर्ड ठरत नाही. या दोन वर्गवाऱ्या एका रकान्यात कोंबल्या की पुढे कंत्राटदाराशी वाद ठरलेला.

कातळकोरी :
सहमत. माझे लक्ष मात्र पियरकडेच अधिक आहे, कारण ९० चा आकडा पाहून सगळे तिथे निर्धास्त होतील. काही अमिग्डलॉइडल बेसॉल्टमध्ये फुगणारी चिकणमातीची खनिजे असतात आणि असा कोअर काढल्यावर छान दिसला तरी पेटीत वाळताना तडकतो. त्यामुळे कोअरचे छायाचित्र काढल्या दिवशी ओला व कोरडा असे दोन्ही घ्या, काही दिवसांनी पुन्हा घ्या आणि एक तुकडा पाण्यात ठेवून तो सुटतो का ते पाहा. दोन प्रवाहांच्या मध्ये तांबडा बोल (मातीसारखा थर) असेल तर तो मऊ असल्याने ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जातो व पेटीत दिसतच नाही. म्हणून ज्या खोलीवर कोअर हरवला तिथे परत येणारे पाणी तांबडे झाले होते का, हे ड्रिलरला आजच विचारून लॉगमध्ये लिहा.