झोएलाचं दुसरं पुस्तक घ्यावं की नाही (फॅमिली ग्रुप, ऑक्टोबर 2015)

छोटी काकू (रेडिंग, इंग्लंड): जरा सल्ला हवाय. चिऊनं हट्ट धरलाय, झोएलाची 'गर्ल ऑनलाइन: ऑन टूर' ही कादंबरी पाहिजे म्हणून. या महिन्यातच आलंय. पहिल्या भागाच्या वेळचा गोंधळ आठवतोय ना सगळ्यांना? घेऊ का नको?

बापूकाका: नको. पहिलं पुस्तक बाईंनी एकटीनं लिहिलेलं नव्हतं, हे खुद्द तिच्या प्रकाशकानं, पेंग्विननं मान्य केलंय.

दादा: झोएला म्हणजे यूट्यूबवर मेकअपचे व्हिडिओ करते ती? ब्रायटनची?

छोटी काकू (रेडिंग): हो रे, खरं नाव झोई सग.

आत्या: पुस्तकाचं राहू दे. भाजणीचं पार्सल पाठवलं त्याची पोच नाही.

छोटी काकू (रेडिंग): वन्सं, त्याच दिवशी लिहिलं होतं इथे. वर बघा ना 🙏

आत्या: एवढं वर कोण जातंय.

ताई: बापूकाका, आपल्याकडे नटनट्यांच्या आत्मचरित्रांवर 'शब्दांकन अमुक अमुक' असतंच की.

बापूकाका: असतं ना, छापलेलं असतं! आणि ते आत्मचरित्र, ही कादंबरी.

ताई: जिनं लिहायला मदत केली म्हणतात, त्या शिवॉन करमचं नाव आभारात आहे. माझ्या ओवीनं दाखवलं.

बापूकाका: आभार सगळेच मानतात. लेखिका म्हणून नाव कोणाचं? पेंग्विननं खुद्द मान्य केलंय.

दादा: काका, त्या पहिल्या पुस्तकाच्या ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात 78,109 प्रती खपल्या. आपला कवितासंग्रह? 😄

आत्या: आमच्या माळ्यावर आहे. दोन गठ्ठे.

बापूकाका: वैयक्तिक पातळीवर उतरू नये ही विनंती.

दादा: सॉरी काका 🙏 (पण दोनच गठ्ठे?)

ताई: बोभाटा झाल्यावर ती पोरगी काही दिवस इंटरनेटवरूनच गेली होती. चोविशीतली मुलगी, किती झोडपायचं? नाव लपवायचं प्रकाशकानं आणि शिव्या हिनं खायच्या.

बापूकाका: मानधन कोणी खाल्लं?

छोटी काकू (रेडिंग): भाऊजी, माझा प्रश्न वेगळा होता. त्यातल्या नायिकेला, पेनीला पॅनिक अटॅक येतात. झोएला स्वतःच्या त्रासाबद्दलही उघड बोलते, गेल्या वर्षी माइंड या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं तिला डिजिटल राजदूत केलं. चिऊ काल म्हणाली, वर्गात उभं राहिलं की मलाही तसंच होतं. मला आजवर बोलली नव्हती. म्हणून पुढचा भाग द्यावा की हे खूळ डोक्यात जाईल, कळेना.

ताई: अगं, हे आधी सांगायचंस. पुस्तक दे, आणि शाळेत बाईंशी बोल. दोन्ही कर.

आत्या: तिच्या बापालाही होतं हो तसं. गॅदरिंगच्या दिवशी ताप यायचा.

बापूकाका: चिऊला रविवारी मला फोन करायला सांग. पुस्तक घ्यायला हरकत नाही. परंतु पेंग्विननं

बापूकाका: चुकून गेलं. पेंग्विननं खुद्द मान्य केलंय, हे तिला माहीत असावं.

छोटी काकू (रेडिंग): तिला माहितीये भाऊजी. तिला फरक पडत नाही.

ताई: आमचे हे दिवाळीला येताना त्यांच्याबरोबर ओवीसाठी एक प्रत पाठवशील का? पैसे देते.

आत्या: आणि माझं गुडघ्याचं मलम. दोन ट्यूब.