न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीची राडारोड्याची चकती एवढा फरक कशी पाडते?

नभवेडा:
सुपरनोव्हात, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या शेवटच्या स्फोटात, सगळं बाहेर उडतं असंच ऐकत आलोय, पण काल वाचलं की थोडा माल परत मागे पडतो आणि उरलेल्या घट्ट गाभ्याभोवती, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याभोवती, चकती करून फिरत राहतो. आता तारा सूर्याच्या साधारण दीडपट वजनाचा, चकती त्याच्यापुढे अगदीच चिल्लर, मग ती ताऱ्याचं फिरणं बदलते म्हणतात ते कसं काय? डोक्यात शिरतच नाहीये.

कक्षा७:
वजन नको बघूस, चुंबकीय क्षेत्र बघ. चकतीचा आतला काठ कुठे अडतो ते तेच ठरवतं. सेकंदाला एक फेरी मारणारा तारा घे, त्याच्यापासून साधारण १७०० किमीवर असलेल्या मालालाही एका फेरीला बरोब्बर एक सेकंद लागतो. काठ याच्या आत असेल तर माल ताऱ्यापेक्षा जोरात पळतो आणि खाली पडता पडता ताऱ्याला पुढे रेटतो. काठ बाहेर असेल तर उलटं, क्षेत्र मालाला गोफणीतल्या दगडासारखं भिरकावतं आणि ती ताकद ताऱ्याच्या फिरण्यातून जाते, म्हणून तारा मंदावतो. याला प्रोपेलर म्हणतात. तारा जेमतेम १०-१२ किमी त्रिज्येचा आणि झटका बसतो एवढ्या लांबवर, मग थोडा मालही पुरतो!

ध्रुवतारा:
यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आरसीडब्ल्यू १०३ या सुपरनोव्हाच्या अवशेषाच्या मधला न्यूट्रॉन तारा. स्फोटाला साधारण २००० वर्षं झालीत आणि त्याची फेरी ६.६७ तासांची!! क्रॅब तेजोमेघाचा स्फोट १०५४ मध्ये दिसला, त्यातला न्यूट्रॉन तारा अजून ३३ मिलिसेकंदांत एक फेरी मारतोय. नुसत्या चुंबकीय उत्सर्जनाने एवढ्या काळात इतका ब्रेक लागतच नाही. २०१६ मध्ये आरसीडब्ल्यू १०३ वाल्या ताऱ्याने मॅग्नेटारसारखा (अतितगड्या चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यासारखा) स्फोट दाखवला, त्यामुळे तगडं क्षेत्र अधिक चकती हेच मला पटतं.

नभवेडा:
आत्ता कळलं, थँक्स! पण अशी चकती कोणी बघितलीये का?

कक्षा७:
४यू ०१४२+६१ नावाच्या मॅग्नेटारभोवती २००६ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला इन्फ्रारेडमध्ये धूळ चमकताना दिसली, साधारण १० पृथ्वींएवढी, ताऱ्याच्या एक्स-रेने तापलेली. काहीजण मात्र ती नुसती धूळ नाही, आत वायूही सरकतोय असं मानतात. १९९२ मध्ये एका पल्सारभोवती (नियमित स्पंदनं देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती) ग्रह सापडले, त्यांना यात धरू नकोस हां, तो ६.२ मिलिसेकंदांत एक फेरी मारणारा म्हातारा तारा आहे, त्याची चकती बहुतेक जोडीदाराच्या मालातून झाली असावी.