मदत हवी आहे: सोसायटीच्या कमिटीला सॉफ्टवेअरसाठी कसं पटवायचं?

कोथरूडमधली ८४ फ्लॅटची नोंदणीकृत सोसायटी. कमिटीवर सगळे बिनपगारी, बहुतेक निवृत्त. मी यंदाच आत आलोय. मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, पावत्या हाताने आणि थकबाकी खजिनदारकाकांच्या लाल वहीत. वही चोख आहे, पण ती फक्त काकांनाच वाचता येते! गेल्या तिमाहीत एकाने यूपीआयने भरलेले पैसे दुसऱ्याच फ्लॅटच्या नावे जमा झाले, वर त्याला थकबाकीदार ठरवून २१ टक्के दराने व्याजही लावलं.

दोन कंपन्यांचे डेमो दाखवून झाले. पैशाची अडचण नाही. भीती आहे ती डेटा कुणाच्या हाती जाईल आणि उद्या कंपनीच बंद पडली तर, याची. एकाच विंगवर तीन महिने वापरून बघू म्हटलं, तर "दुप्पट काम कोण करणार?"

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, ठराव तिथेच मांडायचाय. काकांना दुखवायचं नाही, आणि ज्येष्ठांसाठी कागदी बिल चालूच ठेवणार आहोत.

ज्यांच्याकडे हा बदल झालाय, त्यांनी सुरुवात नुसत्या बिलिंगपासून केली की सगळं एकदम? आणि वहीतली जुनी थकबाकी कुणी चढवली, कमिटीने की कंपनीने?