सणांनंतरही शोभेल अशी कमी खर्चाची घरसजावट

प्रश्न: भाड्याच्या घरात राहत असल्यामुळे भिंतींना खिळे ठोकता येत नाहीत आणि फारसा खर्चही करायचा नाही. सण संपल्यावरही ठेवता येईल, अशी घरच्या घरी करण्याजोगी सजावट कोणी सुचवू शकेल का?

उत्तर १: सुरुवात प्रकाशापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. छतावरच्या एकाच प्रखर दिव्याऐवजी कोपऱ्यांत मंद, पिवळसर दिवे ठेवले, की तीच खोली अधिक उबदार भासते. त्यासाठी दिव्याच्या खोक्यावर २७०० केल्व्हिन (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाची रंगछटा सांगणारे माप) हा आकडा पाहावा. रिकाम्या काचेच्या बरणीत बॅटरीवरची एलईडी माळ सोडली, तर तो वर्षभर उपयोगी पडणारा दिवा होतो. अशी माळ फारशी तापत नाही. पेटत्या मेणबत्तीजवळ मात्र कागदी सजावट कधीही ठेवू नये.

उत्तर २: एखादी डौलदार वाळकी फांदी उंच बरणीत उभी करावी. सणाच्या दिवसांत तिच्यावर जुन्या मासिकांच्या कागदाच्या चांदण्या टांगाव्यात आणि नंतर फांदी तशीच राहू द्यावी.

उत्तर ३: भिंतीसाठी हलक्या चौकटी आणि काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या पुरतात. आधी चौकटींच्या आकाराचे कागद कापून भिंतीवर मांडणी ठरवावी आणि चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर, म्हणजे नजरेच्या उंचीवर ठेवावा. पट्टीवर लिहिलेली वजनाची मर्यादा ओलांडू नये, तसेच भिंतीचा रंग सुटत असेल, तर चौकटी कपाटावर टेकवून ठेवणेच योग्य.