गॉर्डन शेफर्ड स्मृती निबंध स्पर्धा: विषय टेहळणीचाच का?

ईशान्य_वारा:
रॉयल फ्लाइंग कोअरचे (पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश हवाईदल) ब्रिगेडियर-जनरल गॉर्डन शेफर्ड यांच्या स्मरणार्थ पुढे रॉयल एअर फोर्समध्ये निबंध स्पर्धा चाले. विषय ठरलेला: टेहळणी आणि तिच्याशी निगडित प्रश्न. हवाईदल म्हटलं की लढाऊ विमानं आठवतात, मग टेहळणीच का? दुसरं, विमानातून बोलायची सोय नसताना निरीक्षक खाली नेमकं कळवायचा कसं? आणि शेफर्ड आयर्लंडमध्ये बंदुका पोचवणाऱ्या नौकेवर होते हे खरं का?

जुनी_दप्तरं:
नौकेचं खरं आहे. लेखक एर्स्किन चाइल्डर्स यांच्या 'अ‍ॅसगार्ड'वर ते खलाशी म्हणून होते. २६ जुलै १९१४ रोजी हाउथ बंदरात तिच्यातून स्वराज्यवादी 'आयरिश स्वयंसेवक' संघटनेसाठी ९०० मॉसर रायफली उतरल्या. सेवेतला अधिकारी, रजेवर! आणि ऑगस्टमध्ये हाच माणूस ४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर फ्रान्समध्ये. जन्म मात्र मद्रासचा, १८८५ चा. वडील होरेशियो शेफर्ड तिथल्या हायकोर्टात न्यायाधीश. करार कायद्यावरचं कनिंगहॅम-शेफर्ड हे जुनं भाष्य वकिलांना माहीत असेल, त्यातले शेफर्ड हेच.

आता विषय टेहळणीचाच का. १९१४ साली विमान युद्धावर नेलं तेच मुळी बघून येण्यासाठी. १९ ऑगस्टला फ्रान्समधल्या मोबेजहून पहिली फेरी निघाली: जूबेर आणि मेपलबेक हे वैमानिक, दोन विमानं, दोघंही निरीक्षकाशिवाय. ढगांत ताटातूट झाली आणि दोघंही वाट चुकले. जूबेरना तर वाट विचारायला खाली उतरावं लागलं. विमान हाकता हाकता नकाशा जुळवणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तीनच दिवसांनी, २२ तारखेला, याच दलाने ब्रुसेल्सहून पश्चिमेकडे सरकणारी जर्मन फौज हेरली आणि ती बातमी ब्रिटिश सरसेनापती सर जॉन फ्रेंच यांच्यापर्यंत पोचली. दलाची पत तिथे ठरली. शेफर्ड घडले ते या कामात. १९१७ मध्ये ते पहिल्या ब्रिगेडचे प्रमुख झाले, तरी एकट्याने न्यूपोर्ट विमान घेऊन स्क्वाड्रनांना भेटी देत. १९ जानेवारी १९१८ रोजी ओशेल इथे त्याच विमानाच्या अपघातात गेले, वय ३२. लढाऊ वैमानिकांची नावं सगळ्यांना पाठ असतात, निरीक्षकांच्या कामाला असा मान क्वचित मिळतो. म्हणून ही स्पर्धा मला फार मोलाची वाटते.

तारायंत्र:
कळवण्याबद्दल. तोफांचा नेम साधायला १९१५ पासून घड्याळाची खूण रुळली. निरीक्षकाकडे सेल्युलॉइडची पारदर्शक चकती असे. तिचा मध्य नकाशातल्या लक्ष्यावर आणि १२ चा आकडा खऱ्या उत्तरेला. भोवती अंतर दाखवणारी वर्तुळं: वाय १० यार्ड, झेड २५, ए ५०, बी १००, सी २००, डी ३००, ई ४००, एफ ५००. गोळा लक्ष्याच्या पूर्वेला ५० यार्डांवर पडला की मोर्समध्ये फक्त 'ए-३'. दोन अक्षरांत काम.

चूक कुठे व्हायची? विमान घिरट्या घालत असतं, त्यामुळे नवखा निरीक्षक १२ ची दिशा विमानाच्या नाकाकडे धरायचा. मग दुरुस्ती भलतीकडे आणि गोळे वाया. उपाय एकच: लक्ष्याजवळचा रस्ता किंवा लोहमार्ग नकाशावर आधीच हेरून ठेवायचा आणि दिशा त्याच्यावरून घ्यायची. दुसरी अडचण म्हणजे संदेश एकतर्फी. विमानातून खाली बिनतारी, खालून वर मात्र जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या. शिसाचं वजन लावलेली सुमारे १२० फुटांची तांब्याची तार एरियल म्हणून मागे सोडावी लागे आणि उतरण्याआधी न विसरता गुंडाळावी लागे.

ईशान्य_वारा:
छान उलगडलंत, आभार. फोटोंचं काय? त्या काळच्या एका फोटोत मला खंदकाच्या जागी बांध घातल्यासारखा दिसतो.

काचफलक:
फोटो उलटा धरलाय. सावल्या आपल्याकडे पडतील असा फिरवा, खंदक लगेच खोल दिसेल. डोळा उजेड वरून येतो असं गृहीत धरतो, म्हणून सावली वरच्या बाजूला गेली की खड्ड्याचा उंचवटा होतो. उत्तर फ्रान्समध्ये दुपारच्या सावल्या उत्तरेला पडतात, तेव्हा उत्तर वर ठेवून पाहिलेला दुपारचा फोटो असा फसवू शकतो. शत्रूच्या तोफांच्या जागा वाचताना ही चूक महागात पडे.

अंतर मोजायला प्रमाण काढा: भिंगाचं नाभीय अंतर भागिले जमिनीपासूनची उंची, दोन्ही एकाच एककात. साडेआठ इंच नाभीय अंतराचं भिंग आणि ८,५०० फूट उंची असेल तर १:१२,०००, म्हणजे फोटोतला एक इंच जमिनीवर १,००० फूट. उंचीमापक धावपट्टीवर शून्यावर लावलेला असे, तेव्हा लक्ष्याची जमीन धावपट्टीपेक्षा ३०० फूट उंच असली तर ते वजा करा. कॅमेरा तिरका धरला असेल तर हे गणित लागू नाही. शंका आली की नकाशावर सापडणाऱ्या दोन जागा, चर्च आणि चौक वगैरे, घ्या आणि त्यांच्यातल्या अंतरावरून प्रमाण ताडून बघा. एक जोडी फोटोच्या लांबीत, एक रुंदीत. दोन्हींचं प्रमाण जुळलं नाही तर फोटो तिरका आहे.