एक्स५२एम मधला 'एम' आणि खरा मॉडिफाइड ग्रेड

एपीआय ५एल या तेल-वायू पाइपांच्या स्टँडर्डमध्ये एक्स५२एम नावाचा ग्रेड आहे; त्यातला 'एम' म्हणजे मॉडिफाइड (मूळ ग्रेडमध्ये बदल केलेला) का, असं कुणी विचारलंय. नाही. ते अक्षर पाइप कोणत्या स्थितीत पुरवला ते सांगतं: एम म्हणजे थर्मोमेकॅनिकल रोलिंग (तापमान काबूत ठेवून केलेलं रोलिंग), एन म्हणजे नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेला).

खरा मॉडिफाइड ग्रेड बघायचा तर पी९१ बघा, हा उच्च तापमानाच्या पाइपांसाठीचा मिश्र पोलादाचा ग्रेड. जुना पी९ म्हणजे साधं ९ क्रोम १ मॉली, म्हणजे सुमारे ९ टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनम असलेलं पोलाद. पी९१ मध्ये त्याच्या जोडीला ०.१८ ते ०.२५ टक्के व्हॅनेडियम, ०.०६ ते ०.१० टक्के नायोबियम आणि मोजूनमापून नायट्रोजन. आकडे चिमूटभर वाटतात, पण किमान यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो) २०५ वरून थेट ४१५ मेगापास्कलवर जातं! कार्बाइड-नायट्राइडचे बारीक कण टेम्पर्ड मार्टेन्साइटची (पोलाद झटपट थंड करून पुन्हा तापवल्यावर मिळणारी कणखर) रचना उष्णतेत धरून ठेवतात. म्हणून वीजकेंद्रातल्या मेन स्टीम लाइनला (टर्बाइनकडे वाफ नेणाऱ्या मुख्य पाइपला) पातळ भिंत चालते.

पण ही ताकद हीट ट्रीटमेंटवर उभी आहे. वेल्डिंगनंतरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये तापमान मर्यादेबाहेर चढलं की तेवढा भाग मऊ पडतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. हार्डनेस मोजल्याशिवाय जॉइंट पास करू नका, ही कळकळीची विनंती.

आणि ए१०६ ग्रेड बी या साध्या कार्बन स्टील पाइपच्या ऑर्डरवर नुसतं 'ए१०६ ग्रेड बी मॉडिफाइड' लिहू नका, असा वेगळा ग्रेड स्टँडर्डमध्ये नाहीच. कार्बन ०.३० टक्क्यांऐवजी कमाल ०.२३ टक्के हवा असेल तर तो आकडाच लिहा, आणि माल आल्यावर मिल सर्टिफिकेटवर (कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रावर) हीट नंबरसमोर, म्हणजे पोलाद वितळवलेल्या घाण्याच्या क्रमांकासमोर, ताडून बघा.