प्रति: उपराष्ट्रपती उरलेली मुदत पूर्ण करतो का?

आधीच्या उत्तरात म्हटलंय की भारताच्या राष्ट्रपतीचं पद मध्येच रिकामं झालं तर उपराष्ट्रपती उरलेली मुदत पुरी करतो. ती पद्धत अमेरिकेची. आपल्याकडे उपराष्ट्रपती फक्त हंगामी काम बघतो. राज्यघटनेच्या कलम ६२ नुसार सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते आणि निवडून येणाऱ्याला उरलेली नाही, पूर्ण पाच वर्षांची मुदत मिळते. तोवर उपराष्ट्रपती राज्यसभेच्या सभापतीची खुर्चीही सोडतो, त्या पदाचा पगारही.

खरी गंमत १९६९ ची. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण त्यांना राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवायची होती, म्हणून जुलैत त्यांनी राजीनामा दिला. आता दोन्ही खुर्च्या रिकाम्या! घटनेत थेट तिसरं नाव नाही. कलम ७० ने ते संसदेवर सोपवलंय. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ठेवला होता, म्हणून निभावलं. त्यानुसार सरन्यायाधीश हिदायतुल्ला २० जुलै ते २४ ऑगस्ट राष्ट्रपतीचं काम बघत होते. त्याच काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, त्यांचं स्वागतही हिदायतुल्लांनीच केलं.

राष्ट्रपतीपदाच्या पात्रतेबद्दल आधीच्या उत्तरात लिहिलंय ते बरोबरच आहे: भारतीय नागरिक, पस्तीस वर्षं पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र. फक्त 'लाभाचं पद नको', म्हणजे उमेदवार सरकारी लाभाच्या पदावर नसावा, हे राहिलं. मात्र मंत्री, राज्यपाल, खुद्द उपराष्ट्रपती यांना त्यातून सूट आहे. म्हणजे गिरींना राजीनामा द्यायची कायद्याने सक्ती नव्हती.